पाठमोऱ्या खुर्च्या

सुधाकर बी.एस्सी. झाला होता, मलकापूरच्या एका शाळेत सायन्स शिकवत होता आणि त्याला एक मुलगा होता. मुलगा आता रांगायला लागला होता. पण सुधाकरने त्याला अजून एकदाही उचलून घेतलं नव्हतं.

त्याच्या मायेत काही उणं होतं असं नव्हे. अडचण रिवाजाची होती. धामणगाव बढ्याला त्याच्या वडिलांच्या, भगवानरावांच्या घरात बापाच्या देखत कुणी आपलं मूल घेत नसे. भगवानरावांनी आपल्या वडिलांसमोर सुधाकरला कधी घेतलं नव्हतं आणि त्या वडिलांनीही आपल्या वडिलांसमोर भगवानरावांना घेतलं नव्हतं. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. देठ सुटला की आंबा खालीच पडतो, तसं ते होतं. मूल बापाचं असलं तरी लाडाचा हक्क आजाचा. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं पोर कुरवाळणारा माणूस आणि चारचौघांत बायकोचा हात धरणारा माणूस, दोघेही सारखेच निर्लज्ज समजले जात.

देखत घ्यायचं नाही तर माघारी घ्यावं, असं कुणी म्हणेल. पण भगवानराव माघारी नसतच. सकाळी ते ओसरीवर येऊन बसत ते दिवेलागणीला उठत, आणि त्या ओसरीवरून पाळणा, न्हाणी, चूल आणि माजघराचं दार हे सगळं एका नजरेत येई. शिवाय मूल बहुतेक वेळ त्यांच्याच मांडीवर असे. रात्री ते आजीच्या, म्हणजे तानुबाईंच्या कुशीत झोपे. सुधाकर शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मधल्या वेळात तो माजघराच्या दारात उभा राहून मुलाकडे पाहायचा.

पाहण्यात मात्र त्याने कसर ठेवली नव्हती. चंद्राला हात न लावता माणसाने त्याच्याबद्दल पुष्कळ शोधून काढलंच आहे. खालचा डावा दात आधी आला, उजवा मागून, हे तानुबाईंच्या आधी त्याला कळलं होतं. मुलाला उन्हात आणलं की शिंक येते, सावलीत नेलं की थांबते, हेही त्याने हेरलं होतं. रडू येताना आधी खालचा ओठ बाहेर येतो, मग हनुवटी थरथरते आणि मग आवाज निघतो, हा क्रम त्याने इतक्यांदा तपासला होता की ओठ बाहेर आला की तो मनातल्या मनात कान झाकून घेई.

मुलाच्या बाजूने असा काही अभ्यास झालेला नव्हता. त्याचं नाव लक्ष्मीकांत. दृष्ट लागू नये म्हणून घरात त्याला दगडू म्हणत. दगडूच्या लेखी सुधाकर म्हणजे शनिवारी दारात येऊन उभा राहणारा एक चष्मा होता. तो चष्मा आला तरी त्याला काही वाटत नसे आणि गेला तरी वाटत नसे. सुधाकरला मात्र हे दर सोमवारी मलकापूरपर्यंत वाटत राही.

त्या वर्षी थंडीत बुलढाण्याच्या कचेरीतले हेडक्लार्क नारायणराव एके दिवशी भगवानरावांच्या ओसरीवर येऊन टेकले. वार शनिवार होता आणि सुधाकर दारात होता.

"मोताळ्याला बाजाराच्या दिवशी बालप्रदर्शन भरवायचं आहे," नारायणराव म्हणाले. "साहेबांच्या मडम स्वतः येणार. मुलं तपासणार, तोलणार, सुदृढ मुलाला बक्षीस देणार. पण बायका मुलं आणायलाच तयार नाहीत."

"काऊन?" भगवानरावांनी विचारलं.

"तोलायचं म्हटलं की घाबरतात."

"घाबरतीन नाई तं काय?" आतून तानुबाईंचा आवाज आला. "लेकरू का कापूस हाय काट्यावर टाकाले? तोललेलं लेकरू वाढत नाई."

"वहिनी, ती समजूत आहे."

"असू द्या समजूत. आमची हाय, तुमाले मांगत नाई."

नारायणराव भगवानरावांकडे वळले. "तुम्ही लोकल बोर्डाचे मेंबर. तुमचा नातू आला की सगळे आपापली मुलं आणतील. नाही आला तर मडम मोकळा तराजू पाहून परत जातील."

मेंबर हा शब्द ऐकला की भगवानराव बसल्या जागी दोन बोटं उंच होत. त्यांनी मांडीवरच्या दगडूकडे पाहिलं. दगडू त्यांच्या सदऱ्याची गुंडी चोखत होता.

"आनतो," ते म्हणाले.

"आना," तानुबाई आतून म्हणाल्या, "पन मी म्हनन तसं आनावं लागंन."

तानुबाईंची तयारी दोन दिवस चालली. इतर बायका प्रदर्शनासाठी मुलांना न्हाऊ-माखू घालत होत्या. तानुबाईंनी दगडूला जितकं कुरूप करता येईल तितकं केलं. दोन्ही गालांना, कपाळाला आणि तळपायाला तीट लावली. ट्रंकेतलं खामगावचं रेशमी झबलं सुनेने काढलं ते त्यांनी परत ठेवलं आणि विटक्या लुगड्याचं शिवून दिलं.

"मामी, लोक काय म्हणतील?" शैलजा सासूला हळूच म्हणाली. ती खामगावची, तिथल्या वकिलाची मुलगी.

"लोकांनी काईच म्हनू नये म्हनून तं हे करून राह्यली मी."

मोताळ्याच्या बाजाराला लागूनच मांडव घातला होता. बाजाराकडे पाठ करून शाळेतून आणलेल्या खुर्च्यांची एक रांग होती, वडीलधाऱ्यांसाठी. मध्यभागी भगवानराव, त्यांच्या शेजारी जवळच्याच गावचे रामराव, मग इतर प्रतिष्ठित मंडळी आणि टोकाला मलकापूरचे नायब तहसीलदार. एका बाजूला सतरंजीवर मुलं घेऊन बायका बसल्या होत्या. पुढे टेबल, तराजू, एक नर्सबाई आणि मडम.

मुलांचे बाप कुठेच नव्हते, म्हणजे मांडवात नव्हते. पुढच्या रांगेत प्रत्येकाचा बाप, काका नाहीतर सासरा बसलेला. तिथे मुलाच्या आसपास दिसणंही बरं नव्हे. म्हणून ते सगळे टेबलामागच्या कनातीआड उभे होते. कनात जमिनीपासून थोडी वर होती आणि तिच्याखालून त्यांच्या पायांची रांग दिसत होती. त्यात सुधाकरचेही पाय होते. कनातीला एक भोक होतं आणि त्याच्या वाटणीला तेच आलं होतं.

तोलणं सुरळीत पार पडलं. दगडू पारड्यात बसला तेव्हा तानुबाईंनी डोळे मिटले आणि नर्सबाई आकडा बोलल्या तेव्हा कानावर हात ठेवले. सगळी मुलं झाल्यावर मडमनी मांडवभर नजर फिरवली आणि नारायणरावांना काहीतरी विचारलं.

नारायणराव घसा खाकरून म्हणाले, "मडमसाहेब विचारतात, या मुलांना वडील नाहीत का?"

पुढची रांग गार झाली.

"हायेत ना," रामराव म्हणाले. "समद्याइले हायेत."

"मग ते कुठे आहेत?"

रामरावांनी कनातीकडे पाहिलं. मग सगळ्या रांगेने पाहिलं. मग मडमनीही पाहिलं. कनातीखालचे पाय एक पाऊल मागे सरकले.

मडम पुन्हा बोलल्या, यावेळी जरा जास्त वेळ. नारायणरावांनी त्यातलं थोडं गाळून मराठी केलं. "त्या म्हणतात, मूल वाढवणं एकट्या आईचं काम नव्हे. चांगल्या बापालाही काही गोष्टी यायला लागतात. इथल्या बापांना त्यातलं काय येतं, याची परीक्षा घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. सध्या तरी त्यांचं मत बरं दिसत नाही."

"काय बरं दिसत नाई?" भगवानराव ताठ झाले.

"म्हणजे त्यांना वाटतं, इकडे बापांना मुलांची फिकीर नसते."

भगवानरावांच्या मिशीचं एक टोक हललं. परीक्षा हा शब्द त्यांनी नीट ऐकला होता आणि परीक्षेची त्यांना भीती नव्हती. त्यांच्या घरात आजवर झालेल्या सगळ्या परीक्षा पास झालेल्या होत्या.

"घ्या म्हना परीक्षा," ते म्हणाले. "माहा पोरगा नागपुराहून बी.एस्सी. हाय. सुधाकर, ये बे इकडं. मडमसायेब विचारते ते सांग."

कनातीखालचे दोन पाय थोडा वेळ तसेच राहिले. मग ते नाहीसे झाले आणि सुधाकर मांडवात आला.

परीक्षेचा पहिला भाग भगवानरावांच्या अपेक्षेप्रमाणेच झाला. मडम विचारायच्या, नारायणराव मराठी करायचे. सुधाकरला इंग्रजी कळत होतं, पण तो मराठीची वाट पाहायचा. तेवढाच विचाराला वेळ मिळे.

"मुलाला पाणी कसं द्यावं?"

"उकळून, झाकून निववावं, मग द्यावं."

"देवी केव्हा टोचाव्यात?"

"मूल सहा महिन्यांचं व्हायच्या आत."

"पाह्यलं काय?" भगवानराव रामरावांना म्हणाले.

"मूल रडत असलं तर?"

"आधी कारण शोधावं."

"मग?"

"मग ते दूर करावं."

"पुस्तकात असंन हे समदं," रामराव म्हणाले.

"पुस्तक डोक्यात हाय त्याच्या," भगवानराव म्हणाले.

मडमचा चेहरा खुलला. त्या उठल्या, सुधाकरकडे पाहून हसल्या आणि एक छोटंसं वाक्य बोलल्या. सुधाकरला ते मराठी व्हायच्या आधीच कळलं आणि तो एक पाऊल मागे सरला.

"उत्तम," नारायणराव म्हणाले. "आता तुमचं मूल घ्या. तुम्ही ते कसं सांभाळता हे त्यांना बघायचं आहे."

रामरावांचं तंबाखू चघळणं थांबलं. भगवानराव आपल्या जोड्यांकडे पाहू लागले. आपण पोराला उत्तरं द्यायला बोलावलं होतं. उत्तरांच्या मागून हे येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"तो झोपला असेल," सुधाकर म्हणाला.

सतरंजीवर आईजवळ बसलेल्या दगडूने तेवढ्यात नर्सबाईंकडून मिळालेलं एक लहान वजन जमिनीवर आपटलं.

"जागा आहे," नारायणराव म्हणाले.

सुधाकरने दुसरी वाट शोधली. "माझे हात धुतलेले नाहीत. बाजारातून आलोय. हातांवर जंतू असतात."

हे मराठी वाक्य इंग्रजी होऊन मडमपर्यंत पोचलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. हे सगळ्या बापांनी ऐकण्यासारखं आहे, असं त्यांनी कनातीकडे पाहून सांगितलं आणि साबण-पाणी मागवलं. सुधाकर हात धुऊ लागला. त्याने तळवे धुतले, बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखं धुतली, कोपरापर्यंत गेला आणि परत तळव्यावर आला. प्रयोगशाळेत ॲसिड सांडलं होतं तेव्हाही त्याने इतके हात धुतले नव्हते. नर्सबाईंचा तांब्या रिकामा झाला, दुसरा आला.

"बस कर बे," भगवानराव पुटपुटले. "कातडं निंघन."

"पुसायचं फडकं उकळलेलं आहे का?" सुधाकरने विचारलं.

नर्सबाईंनी उकळून वाळवलेलं फडकं लगेच पुढे केलं. असा प्रश्न विचारणारा माणूस त्यांना नोकरीत पहिल्यांदाच भेटत होता. मडमच्या डोळ्यांत तर कौतुक मावत नव्हतं. सुधाकर अडचणीतून बाहेर पडायला जे जे पाऊल टाकत होता, ते त्याला मुलाच्या आणखी जवळ नेत होतं.

"त्याला आईची सवय आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग आईच आणून देईल," मडमनी सांगितलं.

शैलजा उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, दगडूला घेऊन ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नसतं. ती मुलाशीच बोलली. "जा बाळा, जा तिकडं. हात धुऊन झाले असले की घेतील तुला."

तिने दगडूला पुढे धरलं. दगडूने चष्म्याकडे पाहिलं. हा चष्मा इतक्या जवळ कधी आला नव्हता. सुधाकरला त्याचा खालचा ओठ बाहेर येताना दिसला. मग हनुवटी थरथरली. मग दगडूने पाठ फिरवली, दोन्ही हात पुढच्या रांगेकडे पसरले आणि आजाकडे पाहत भोकाड पसरलं.

मडम हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. त्या स्वतःशीच म्हणाल्या होत्या, त्याचं मराठी करायची काहीच गरज नव्हती. पण नारायणराव सकाळपासून तेच काम करत होते. त्यांच्या तोंडून ते निघून गेलं.

"त्या म्हणतात, हे मूल वडिलांना ओळखत नाही."

सुधाकरचे धुतलेले हात खाली आले. मघापासून त्याला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती. हा प्रश्न नव्हता.

भगवानराव सवयीने अर्धे उठले होते. नातू रडला की ते उठत आणि हात पुढे करत; आताही त्यांचे हात पुढे झाले होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष पोराच्या तोंडाकडे गेलं. लहानपणी गणितात कमी मार्क पडले की सुधाकर असाच उभा राही, रडत नसे आणि हलतही नसे.

भगवानरावांनी हात मागे घेतले. उठून त्यांनी आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, उलटी फिरवली आणि मडमकडे, मुलाकडे, नातवाकडे पाठ करून बसले. आता त्यांच्यासमोर बाजार होता आणि बाजारात एक मिरचीवाला मिरच्यांचा ढीग सारखा करत होता.

"काय झालं, भगवानराव?" रामरावांनी विचारलं.

"काई नाई. ऊन येते डोयावर."

"ऊन तं त्या बाजूनं हाय, जिकडं तुमी तोंड केलं."

"मंग तिकडचं येते."

रामरावांनी जरा विचार केला. त्यांनी भगवानरावांच्या पाठीकडे पाहिलं, सुधाकरकडे पाहिलं. मग कनातीखाली पाहिलं. तिथे एक नवी कोरी पायताणाची जोडी होती; ती त्यांच्याच मुलाची होती आणि बायकांच्या सतरंजीवर त्यांची नात होती.

"मलेई येऊन राह्यलं ऊन," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची फिरवली.

त्यांच्या पलीकडच्यांनी फिरवली. त्यांच्या पलीकडच्यांनीही. खुर्च्यांचे पाय खरखरत गेले आणि बघता बघता सगळी रांग बाजाराकडे तोंड करून बसली. नायब तहसीलदार मूळचे सागरकडचे, हिंदी मुलखातले. त्यांना यातलं काही कळलं नाही. पण मेंबर लोक करताहेत म्हणजे सरकारी पद्धत असेल, असं समजून त्यांनीही खुर्ची फिरवली.

मडम घाबरल्या. आपल्या हातून कुणाचा अपमान झाला का, असं त्यांनी विचारलं. नारायणरावांनाही घरी वडील होते आणि मुलंही होती. त्यांनी बराच वेळ इंग्रजी शब्द शोधले.

"ते आता पाहत नाहीत," एवढंच त्यांना सांगता आलं.

"पाहत नाहीत म्हणजे काय?"

"जरा थांबा," नारायणराव म्हणाले.

सुधाकरने हात पुढे केले आणि दगडूला घेतलं. घेतलं म्हणजे काखांत धरून, हात लांब करून, काठोकाठ भरलेलं काचेचं भांडं धरावं तसं स्वतःपासून दूर धरलं. दगडूला असं अधांतरी कुणी धरलं नव्हतं. तो नवलाने रडायचाच थांबला.

"अरे मान धर, मान," सतरंजीवरून तानुबाई म्हणाल्या. "शिशी हाय काय ते?"

"मामी, मान धरायचं वय गेलं त्याचं," शैलजा कुजबुजली.

"तरी धर म्हना."

"काय करून राह्यला?" भगवानरावांनी मान न वळवता विचारलं.

"घेतलं," तानुबाई म्हणाल्या.

"रडते?"

"नाई. चष्मा पाहून राह्यलं."

"कसं धरलं?"

"लांब. जसं काई ओलं धोतर वायू घालाचं हाय."

"लांब नोको धरू," भगवानराव मोठ्याने म्हणाले. "छातीशी घे."

समोरच्या मिरचीवाल्याने हातातली मिरची ठेवली आणि वर पाहिलं. "मले म्हनता काय, मालक?"

"तुले नाई बे. तू इक मिरच्या."

सुधाकरने दगडूला छातीशी घेतलं. दगडूने लगेच चष्म्याची दांडी धरली, तो ओढून काढला आणि तोंडात घातला. सुधाकरला चष्म्यावाचून लांबचं काही दिसत नसे. मांडव गेला, मडम गेल्या, पाठमोऱ्या पगड्यांची आणि टोप्यांची रांगही धूसर होऊन गेली. हातभर अंतरावर होतं तेवढंच उरलं: पुसून गालभर पसरलेली तीट, खालचे दोन दात आणि काचेवर वाहणारी लाळ. टाळूवरच्या तेलाचा वास त्याला दारातून कधी आला नव्हता.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. मूल म्हणजे एक ठराविक वजन आहे आणि ते आपल्याला पेलायचं आहे, असं तो समजत होता. तसं नव्हतं. दगडूने एका हाताने त्याच्या कोटाची कॉलर घट्ट धरली होती आणि पाय त्याच्या पोटाला टेकवले होते. उरलेलं तेवढंच त्याला धरावं लागत होतं.

"काय चाललं?" भगवानरावांनी विचारलं.

तानुबाई पदराचं टोक शोधत होत्या.

"अवो, आयकता काय? काय चाललं?"

"काई नाई," तानुबाई नाक पुसत म्हणाल्या. "चष्मा खाऊन राह्यला तुमचा नातू."

कनात हलली. आधी नवी पायताणं बाहेर आली. रामरावांचा मुलगा रांगेच्या पाठी एकदा नीट तपासून सतरंजीकडे गेला आणि खाली मान घालून त्याने आपली मुलगी उचलली. मग दुसरा आला, मग तिसरा. कुणी मूल खांद्यावर टाकलं, कुणी डोक्यावर बसवलं. एकाने घाईत दुसऱ्याचंच उचललं आणि त्या बाईने ते हिसकावून घेतलं. मांडवात रडणं, हसणं आणि बायकांच्या सूचना यांचा एकच गलका झाला.

"रामराव, लय गलबला होऊन राह्यला मांगं," भगवानराव म्हणाले.

"मले काय विचारता? मले तरी दिसते काय?"

"माही मान आखडली आता."

"आखडू द्या. मांगं पाह्यसान तं समदे पयतीन."

ते दोघे बाजाराकडे पाहत राहिले. मिरचीवाल्याने त्या दिवशी मिरची जरा घाईतच विकली. इतकी प्रतिष्ठित माणसं आपल्याकडे का टक लावून बसली आहेत, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

सुदृढ मुलाचं बक्षीस मोताळ्याच्याच एका माळ्याच्या मुलीला मिळालं. दगडूचा नंबर लागला नाही म्हटल्यावर तानुबाईंनी इतक्या मोकळेपणाने श्वास सोडला की नर्सबाई त्यांचं सांत्वन करायला आल्या. सुधाकरला मडमनी आपल्या हाताने साबणाची एक वडी दिली.

"साबन?" बैलबंडीकडे जाताना भगवानराव म्हणाले. "बी.एस्सी.ले साबन?"

"सुगंधी हाय," तानुबाई म्हणाल्या.

परतीला बंडी जुंपली तेव्हा गडी निवृत्ती कासरे घ्यायला पुढे झाला. भगवानरावांनी ते त्याच्या हातून घेतले.

"तू बाजार कर अन् रामरावाच्या बंडीत बसून फाट्यापर्यंत ये," ते म्हणाले. "आज मी हाकतो."

"तुमची तं कंबर धरली होती ना?" तानुबाई म्हणाल्या.

"हाकल्यानं सुटते."

ते पुढे बैलांकडे तोंड करून बसले. मागे पालाखाली तानुबाई, शैलजा आणि सुधाकर. बंडी कपाशीच्या शेतांमधून चालू लागली. वेचणी करणाऱ्या बायका ओटी बांधून ओळीने चालल्या होत्या. थोड्या वेळाने शैलजाने काही न बोलता दगडूला नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. तानुबाईंचं लक्ष नेमकं त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या कपाशीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. दगडू जरा चुळबुळला, मग सुधाकरचा अंगठा मुठीत धरून झोपी गेला.

"आवाज नाई येत," भगवानराव बैलांकडे पाहत म्हणाले. "झोपलं?"

"हाव, बाबा."

कुणाच्या मांडीवर, हे त्यांनी विचारलं नाही.

"माहे बाबा होते तंवर तुले मी काई घेतलं नाई," ते म्हणाले. "अन् ते गेले तंवर तू शायेत जाऊन राह्यला होता. तेवढं पोट्टं काय घेता येते?"

सुधाकरने दगडूचं डोकं नीट हातावर घेतलं.

"कसं लागते बे? जड?"

सुधाकरने अंदाजाने उत्तर दिलं नाही. त्याने मांडीवर नीट लक्ष देऊन पाहिलं, मग म्हणाला, "जागं असलं तं हलकं लागते, बाबा. तेच आपल्याले धरून राह्यते. झोपलं का मंग समदं आपल्यावर येते."

"असं," भगवानराव म्हणाले.

पुढे नाल्याच्या अलीकडे रस्ता फुटत होता. घरचा रस्ता उजवीकडे जायचा. बैलांना तो पाठ होता आणि ते आपणहून उजवीकडे वळू लागले. भगवानरावांनी डावा कासरा ओढला. बैल थबकले, त्यांनी माना हलवल्या आणि नाइलाजाने डावीकडच्या गाडरस्त्याला लागले.

"बाबा, आपला रस्ता तिकडं राह्यला," सुधाकर म्हणाला.

"मले माहीत हाय."

"इकडून तं नाल्याले वळसा पडते. लय लांब पडते."

"हाव," भगवानराव मागे न पाहता म्हणाले, "पडते." आणि त्यांनी कासरे आणखी सैल सोडले.